परसबागेत आणि वावरात चिया: पेरणीची वेळ, निगा आणि मूळचे उपयोग

दारव्हा तालुक्यातील एका ताईंनी विचारले आहे की, किराणा दुकानातून आणलेली चिया पेरली तर उगवेल का, परसबागेतील दोन वाफ्यांत आणि विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत ती केव्हा व कशी पेरावी, आणि चियाचे पारंपरिक उपयोग कोणते. त्यांच्या शेजारणीच्या मते चिया म्हणजे आपला सब्जाच, फक्त नवे नाव देऊन महाग विकलेला. सासूबाई रक्तदाबाची गोळी घेतात, त्यांना चिया चालेल का, हाही त्यांचा प्रश्न आहे. मी काळ्या जमिनीत रब्बीत हे पीक घेतो आणि आसपासच्या वावरांतही पाहतो. त्या आधारावर सविस्तर उत्तर देतो.

शेजारणीची समजूत अगदीच निराधार नाही. सब्जा आणि चिया ही दोन्ही झाडे तुळशीच्या कुळातली असून दोन्हींचे बी पाण्यात टाकल्यावर बुळबुळीत होते. मात्र झाडे वेगळी आहेत. सब्जा हा तुळशीचा अगदी जवळचा भाऊबंद, तर चिया म्हणजे साल्विया हिस्पानिका. तिचे मूळ मध्य व दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमाला येथे आहे. चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन उजेडात पाहिले की फरक कळतो. सब्ज्याचा दाणा एकसारखा काळा आणि निस्तेज असतो. चियाचा दाणा लांबट, गुळगुळीत व चकचकीत असून त्याच्या करड्या सालीवर गडद तपकिरी रेघोट्यांची नक्षी दिसते. पांढरी चियाही असते, पण ती त्याच पिकाचा वेगळा वाण आहे. तरीही शंका राहिली तर दोन वाट्यांत पाणी घेऊन एकेक चमचा बी टाकावे. सब्जा पाचेक मिनिटांत फुगतो आणि प्रत्येक काळ्या दाण्याभोवती निळसर पांढरे कडे उभे राहते. चियाला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तिचे कडे बिनरंगी असते आणि न ढवळल्यास दाणे एकमेकांना धरून गोळा होतात. चियाच्या पाकिटात तपकिरी, चपटे, नक्षी नसलेले दाणे बरेच दिसले तर ते न पिकलेले बी समजावे. ते खायला कडवट लागते आणि पेरायलाही उपयोगाचे नसते.

किराणा दुकानातील चिया बहुधा उगवते, कारण खाण्यासाठी विकताना तिला सहसा भाजत किंवा उकडत नाहीत. परंतु ती कोणत्या भागातून आली, किती जुनी आहे आणि तिच्यात किती वाणांची भेसळ आहे हे पाकिटावरून कळत नाही. दोन वाफ्यांसाठी हे बी पुरेसे आहे. दहा गुंठ्यांसाठी मात्र खात्रीचे बियाणे घ्यावे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने काळ्या दाण्याचा ‘चियांपियन बी-१’ आणि पांढऱ्या दाण्याचा ‘चियांपियन डब्ल्यू-८३’ असे दोन वाण दिलेले आहेत. आपल्याकडे वाशिम जिल्ह्यात गेल्या काही रब्बी हंगामांत चियाचे क्षेत्र चांगले वाढले असल्याने तिकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागील हंगामाचे स्वच्छ बी मिळू शकते. कोठूनही आणले तरी उगवण तपासल्याशिवाय पेरू नये. ताटलीत जुन्या सुती कापडाची ओली घडी ठेवून तिच्यावर मोजून शंभर दाणे सुटे सुटे पसरावेत, ताटली सावलीत झाकून ठेवावी आणि कापड फक्त दमट राखावे. पाणी साचले तर दाण्याभोवतीचा चिकट थर जाड होऊन बी आत गुदमरते आणि चांगले बियाणेही नापास ठरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड दिसू लागतात. आठवडाभरात सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले तर ते बी खाण्यासाठी ठेवावे.

आता वेळेविषयी. चियाच्या लागवडीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असे कोणी विचारले तर मी खत किंवा पाणी न सांगता दिवसाची लांबी सांगतो. चिया हे लहान दिवसाचे झाड आहे. दिवस साधारणपणे बारा-तेरा तासांच्या खाली उतरल्याशिवाय ते फुलोऱ्यावर येत नाही, मग त्याला कितीही खाऊपिऊ घाला. आपल्या यवतमाळ-वाशिम पट्ट्यात जूनच्या उत्तरार्धात दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो, सप्टेंबरच्या अखेरीस तो १२ तासांवर येतो आणि डिसेंबरच्या शेवटी ११ तासांच्या जवळपास उतरतो. याचा अर्थ असा की मृगात सोयाबीनबरोबर चिया पेरली तर पावसाळाभर ती नुसती पाने आणि काड्या वाढवत राहते, पुरुषभर उंच होते, सप्टेंबरच्या वादळी पावसात लोळते आणि फुले धरायची वेळ येते तेव्हा निम्मे पीक जमिनीला टेकलेले असते. उलट डिसेंबरात पेरली तर रोप वीतभर झाले नाही तोच दिवस लहान असल्यामुळे त्याला तुरा येतो. झाड ठेंगणे राहते, फांद्या फुटत नाहीत आणि दाणा भरण्याच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचे ऊन तापू लागलेले असते.

या दोन टोकांच्या मध्ये आपली योग्य वेळ आहे: सोयाबीन निघाल्यानंतर, साधारण १० ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. या काळात पेरलेल्या पिकाला वाढायला आणि फांद्या फोडायला पुरेसे दिवस मिळतात, थंडीत फुलोरा चालतो आणि ११० ते १२० दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, ते काढणीला येते. अगदी लवकर पेरण्याची घाई मात्र करू नये, कारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातील उन्हाने काळ्या जमिनीचा वरचा थर काही तासांत वाळतो आणि चियाचे बी नेमके त्याच थरात असते. तापमान १६ ते २६ अंश सेल्सिअस असताना हे पीक सुखात असते. आपल्याकडची नेहमीची थंडी ते सोसते, पण दहिवर गोठण्याइतकी थंडी पडली तर कोवळे तुरे काळे पडतात. सखल, थंड हवा साचणाऱ्या नाल्याकाठच्या पट्टीत म्हणून चिया नको.

परसबागेत याच नियमाचा एक गमतीचा पुरावा पाहायला मिळतो. ओसरीवरचा किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर ज्या वाफ्यावर उजेड टाकतो त्या वाफ्यातील झाडे हिरवीगार राहतात आणि चार हातांवरच्या अंधारातील झाडांना तुरे येऊन जातात, कारण झाड प्रत्यक्षात रात्रीचा अखंड अंधार मोजत असते. तुमचे दोन वाफे दिव्यापासून दूर, घराच्या अंधाऱ्या बाजूला घ्यावेत. वाफ्यांत झाडे मोठी, डौलदार हवी असतील तर तेथे ऑगस्टच्या अखेरीस पेरायलाही हरकत नाही. दोन-चार झाडांना काठीचा आधार देता येतो, दहा गुंठ्यांना देता येत नाही.

दहा गुंठ्यांना बी किती लागेल, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चियाच्या हजार दाण्यांचे वजन जेमतेम सव्वा ते दीड ग्रॅम भरते. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत १५ सेंटिमीटर अंतर धरले तर दहा गुंठ्यांत सुमारे १५,००० झाडे बसतात, म्हणजे कागदावर २०-२५ ग्रॅम बी पुरावे. प्रत्यक्षात बी खोल जाते, मुंग्या नेतात, पापडीखाली अडकते, म्हणून आपण ३०० ते ४०० ग्रॅम पेरतो आणि नंतर विरळणी करतो. ज्यांच्याजवळ मनुष्यबळ आहे त्यांनी गादीवाफ्यावर रोपे तयार करून तीन-चार आठवड्यांनी लावली तर बियाण्याची मोठी बचत होते. एवढ्याशा क्षेत्रासाठी घरच्या चार माणसांना ते सहज जमण्यासारखे आहे, आणि तुम्ही तेच करावे असे मला वाटते.

थेट पेरायचे असल्यास जमीन वखरून ढेकळे पूर्ण फोडावीत, कारण ढेकळाच्या फटीत पडलेले बी पुन्हा वर येत नाही. पाणी साचणाऱ्या चोपण जमिनीत हे पीक घेऊ नये. भारी काळ्या जमिनीत बेड पाडून त्यावर ओळी घ्याव्यात. आधी ओलवणी करावी, वापसा आल्यावर काडीने अर्धा सेंटिमीटर खोलीची रेघ ओढावी, बियाण्यात दहापट कोरडी बारीक रेती किंवा चाळलेले गांडूळखत मिसळून ते रेघेत सोडावे आणि वरून हलकेच हात फिरवावा. एका सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेले बी गेलेच म्हणून समजावे. तिफणीने पेरणाऱ्यांच्या वावरात उगवण विरळ दिसते तिचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. बी भिजवून पेरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण भिजलेल्या चियाचा गोळा होतो आणि तो सुटा करता येत नाही. तो चिकट थर निसर्गाने मातीत उपयोगी पडावा म्हणून दिलेला आहे. थोडी ओल मिळताच दाणा त्या थराने मातीच्या कणांना धरून बसतो आणि ओल टिकवतो.

पेरणीनंतर पहिले दहा दिवस पाणी तुषार सिंचनानेच द्यावे. पाटाने सोडलेले पाणी एवढे हलके बी वाहून बेडच्या टोकाला गोळा करते. वाफ्यांत झारीने, बारीक छिद्रांतून, सकाळ-संध्याकाळ शिंपडावे. चौथ्या ते सातव्या दिवशी दोन रुंद, टोकाशी किंचित खाच असलेली बीजपत्रे वर येतात. नंतरची पाने समोरासमोर, कडेला दातेरी आणि हाताला किंचित खरखरीत लागतात. रोप चार बोटे झाले की खोड चिमटीत धरून फिरवून पाहावे. ते चौकोनी लागते, आणि गवतात हरवलेली चिया ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. त्याच वेळी विरळणी करून उपटलेली कोवळी रोपे फेकण्याऐवजी स्वच्छ धुऊन कोशिंबिरीत घालावीत.

पहिले पाच-सहा आठवडे चिया रांगत चालते आणि तण पळत असते. चिया स्वतः रुंद पानांची असल्याने रुंद पानांचे तण मारणारे औषध तिलाही मारते, तेव्हा निंदण आणि डवरणी यांवरच भिस्त ठेवावी. दोन निंदणे वेळेवर झाली की पुढे पीकच जमीन झाकून टाकते. सोयाबीनमध्ये वापरलेल्या काही तणनाशकांचा अंश मात्र जमिनीत महिनोन्‌महिने राहतो. तुमच्या दहा गुंठ्यांत यंदा सोयाबीन असेल तर पेरणीपूर्वी त्या वावरातील माती एका कुंडीत आणि धुऱ्यावरची न फवारलेली माती दुसऱ्या कुंडीत भरून दोन्हींत थोडी चिया पेरावी. पंधरा दिवसांत पहिल्या कुंडीतील रोपे पिवळी किंवा खुजी दिसली तर तेथे यंदा चिया न पेरता दुसरी जागा पाहावी.

खताची या पिकाला फार हौस नाही. चांगले कुजलेले शेणखत पेरणीपूर्वी मिसळले असेल तर एवढ्या क्षेत्राला ते पुरते. युरिया वाढवला की झाड उंच होऊन लोळते. पाणी जमिनीच्या मगदुराप्रमाणे चार ते सहा वेळा द्यावे, त्यांतील फुलोऱ्याचे आणि दाणा भरतानाचे चुकवू नये आणि तुरे तपकिरी होऊ लागले की पाणी तोडावे. किडीचा त्रास तुलनेने कमी असतो, कारण पानांत उग्र वासाचे तेल असते. त्याच वासामुळे रोही आणि रानडुकरे या पिकाला सहसा तोंड लावत नाहीत. हरभरा राखायला थंडीच्या रात्री जागणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला चिया आवडण्याचे खरे कारण हेच आहे, बाजारभाव त्यानंतर येतो. याची दुसरी बाजू अशी की चियाचे कुटार गुरेही आवडीने खात नाहीत. ते खताच्या खड्ड्यात टाकावे.

काढणीत सगळी परीक्षा आहे. खालची पाने गळून तुरे तपकिरी झाले, आणि एक तुरा पांढऱ्या कापडावर हलकेच झटकल्यावर चकचकीत नक्षीदार दाणे पडू लागले, की कापणीची वेळ आली. सगळे तुरे एकदम पिकत नाहीत; मधला तुरा आधी आणि बाजूचे नंतर पिकतात. शेवटच्या तुऱ्याची वाट पाहत बसलो तर पहिल्याचे दाणे जमिनीवर सांडतात, म्हणून चारातले तीन तुरे पिकले की कापून घ्यावे. कापणी सकाळी, दहिवराने तुरे किंचित नरम असताना करावी; पेंढ्या दोन-तीन दिवस ताडपत्रीवर वाळवून काठीने बडवाव्यात, बारीक चाळणीने चाळून सुपाने पाखडाव्यात. पाखडताना वारा अगदी मंद हवा, नाहीतर दाणाही भुशाबरोबर उडतो. एवढ्या मालासाठी मळणीयंत्राच्या चाळण्या जुळवत बसण्यापेक्षा सूप बरे.

आपल्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, आणि चियाच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट गोष्ट आहे. गहू भिजला तर त्याचा रंग जातो. चिया भिजली तर तुऱ्यातल्या तुऱ्यात दाण्याला चिकट थर सुटतो, वाळताना तो दाण्यांना एकमेकांना व भुशाला चिकटवतो आणि मग त्यातून स्वच्छ माल निघत नाही. हवामान खात्याचा इशारा आला की थोडे हिरवे तुरे असले तरी पीक कापून छपराखाली न्यावे. पेंढ्या उभ्या, सुट्या ठेवाव्यात, ढीग करू नये.

उत्पन्नाविषयी वाढवून सांगणारे पुष्कळ भेटतील. इतर देशांतील नोंदी पाहिल्या तर हेक्टरी ५०० ते ६०० किलो हे साधारण उत्पादन असून चांगल्या व्यवस्थापनात ते १,२०० किलोंच्या पुढे गेलेले आहे. पहिल्या वर्षी तुम्ही दहा गुंठ्यांतून ५०-६० किलोंची अपेक्षा धरावी. या पिकाला हमीभाव नाही आणि बाजार अजून लहान असल्याने आवक वाढली की भाव पडतो. वाशिमकडील शेतकऱ्यांना मालासाठी मध्य प्रदेशातील नीमचपर्यंत जावे लागत असे, यावरून काय ते समजावे. पेरण्यापूर्वी जवळच्या कोणत्या बाजार समितीत किंवा कोणत्या व्यापाऱ्याकडे चिया घेतली जाते ते विचारून ठेवावे, आणि तोवर क्षेत्र दहा गुंठ्यांच्या वर नेऊ नये.

पारंपरिक उपयोगांचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण हल्ली चियाच्या पाकिटांवर ‘प्राचीन आयुर्वेदिक’ अशी अक्षरे वाचायला मिळतात. चियाला विदर्भातच काय, भारतातही जुनी परंपरा नाही. तिची परंपरा मेक्सिकोची आहे, आणि ती इतकी समृद्ध आहे की तिला उसने पूर्वज जोडण्याची काही गरज नाही. स्पॅनिश येण्यापूर्वी मेक्सिकोत राज्य करणाऱ्या अझ्टेक लोकांच्या आहारात मका, घेवड्याचे दाणे, राजगिरा आणि चिया हे मुख्य धान्य होते. जिंकलेल्या प्रांतांकडून राजधानीला येणाऱ्या खंडणीत चियाच्या कणग्या असत, आणि स्पॅनिश राजवटीच्या आरंभी, १५४१ च्या सुमारास तयार झालेल्या ‘कोडेक्स मेंडोझा’ या चित्रहस्तलिखितात त्या खंडणीची चित्रे काढलेली आहेत. हे हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे.

तेथे चिया खाण्याच्या रीती अनेक होत्या. भाजलेल्या मक्याच्या पिठात चियाचे पीठ मिसळून ते प्रवासाला शिदोरी म्हणून नेत आणि वाटेत पाण्यात कालवून पीत; आपल्याकडे सातूचे पीठ नेत असत, त्याच धर्तीवर. मक्याच्या पातळ, गरम आंबिलीसारख्या पेयातही चिया घालत. आज मेक्सिकोत सर्वांत जास्त चालते ते चियाचे सरबत: पाणी, लिंबू, साखर आणि भिजलेली चिया. उत्तर मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील रारामुरी लोक लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्याकडेही चियाचे असेच पेय पिण्याची रीत आहे. ते प्याल्यानेच कोणी पन्नास कोस धावतो असे मात्र समजू नये. ती माणसे लहानपणापासून डोंगर चढत-उतरत असतात.

उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील आदिवासी चियाच्याच जातकुळीतील दुसरे एक झाड, साल्विया कोलंबारिए, वापरीत. डोळ्यात कण गेला की त्याचे एक बी पापणीखाली ठेवीत, ते ओलाव्याने बुळबुळीत होई आणि कणाला चिकटवून बाहेर काढी. ही माहिती मी केवळ परंपरा म्हणून सांगत आहे. तुम्ही डोळ्यात काहीही घालू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे आणि कण निघाला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

मला सर्वांत लक्षणीय वाटतो तो चियाच्या तेलाचा उपयोग. मेक्सिकोत गेरेरो प्रांतातील ओलिनाला येथे आणि मिचोआकानमध्ये लाकडी पेट्या, तबके आणि भोपळ्याची भांडी रंगवून त्यांवर चकचकीत लेप चढवण्याची जुनी कारागिरी आहे, आणि त्या लेपात चियाचे तेल वापरले जाते. हे तेल हवेत राहिले की हळूहळू घट्ट होऊन त्याची कडक, चमकदार साय बनते. आपल्याकडे दाराच्या चौकटींना किंवा क्रिकेटच्या बॅटला जवसाचे तेल लावतात त्यामागचे कारण हेच आहे. दोन्ही तेलांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ज्याला आपण ओमेगा-३ म्हणतो ते, निम्म्याहून अधिक असते. हवेशी संयोग पावण्याचा त्याचा स्वभाव लाकडावर गुण ठरतो आणि स्वयंपाकघरात दोष, कारण त्याच स्वभावामुळे दळलेली चिया किंवा दळलेले जवस लवकर खवट होते. म्हणून चिया अखंडच साठवावी, लागेल तेवढीच कुटावी, आणि कुटलेली आठवडाभरात संपवावी.

जवसाचा विषय निघालाच आहे तर स्पष्टच सांगतो. विदर्भात पूर्वी धुऱ्याकडेच्या तासांत जवस असेच, आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी अजूनही आहे. ओमेगा-३ साठी चिया विकत घेण्याची तुमच्या घराला गरज नाही. जवसात ते तेवढेच किंवा अधिक मिळते आणि पैसे कमी लागतात. चियात त्याखेरीज १०० ग्रॅममागे सुमारे ३४ ग्रॅम तंतू, १६-१७ ग्रॅम प्रथिने आणि ६०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ही तिची जमेची बाजू. उन्हाळ्यात थंडाव्याला सब्जा आणि बाळंतिणीला अळिवाचे लाडू ही आपली परंपरा आहे. चियाने तिची जागा घ्यावी असे मला वाटत नाही, शेजारी बसावे एवढेच.

येथे आणखी एका झाडाची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. आपल्या रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीवर पावसाळ्यानंतर उग्र वासाची, निळसर फुलांची रानतुळस माजलेली असते. तिला कोणी विचारत नाही. हे झाडही मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले आहे, तिचेही बी पाण्यात बुळबुळीत होते, आणि मेक्सिकोच्या कोलिमा प्रांतात ते भाजून, वाटून, गुळाच्या पाकाबरोबर ‘बाते’ नावाचे पेय करतात. तेव्हा चिया मागवली, पण तिची ही बहीण तिच्याआधीच येऊन आपल्या धुऱ्यावर बसलेली आहे. ओळख पक्की नसताना रानातले बी खाण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये.

चियाचा एक धार्मिक उपयोगही आहे. मेक्सिकोत ईस्टरच्या आधीच्या दिवसांत मांडल्या जाणाऱ्या वेदीवर मातीच्या ओबडधोबड मेंढरांना वरून ओली चिया लावतात आणि काही दिवसांत त्यांच्या अंगावर हिरवी लव उगवते. आपल्या घटाभोवती धान्य उगवतात त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. या रीतीतून लागवडीचा एक धडाही मिळतो: चियाचे मोड मटकीसारखे फडक्यात बांधून येत नाहीत, कारण सगळा लगदा होतो. मोड किंवा कोवळी भाजी हवी असल्यास न रंगवलेल्या मातीच्या पसरट भांड्याला बाहेरून ओले करावे, त्यावर भिजलेली चिया पातळ थापावी आणि भांड्यात पाणी भरून ठेवावे. माती पाझरत राहते आणि आठवडाभरात कापण्याजोगी कोवळी पाने मिळतात.

घरातील वापर सोपा आहे. एका माणसाला दिवसाला एक मोठा चमचा, म्हणजे १० ते १२ ग्रॅम, पुरे. ती ग्लासभर पाण्यात किंवा ताकात निदान अर्धा तास भिजवावी. आपल्या वजनाच्या जवळपास दहापट पाणी ती शोषून घेते. लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, मठ्ठा यांत ती छान मिसळते, आणि ज्वारीच्या पिठात कुटून घातली तर भाकरी थापताना चिराही कमी पडतात. कोरडी चिया चमच्याने तोंडात टाकून वरून पाणी पिण्याची रीत मात्र धोक्याची आहे, कारण ती अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. लहान मुलांना आणि ज्यांना गिळायला त्रास होतो त्या वृद्धांना ती पूर्ण भिजवूनही बेतानेच द्यावी. एकदम जास्त खाल्ली आणि पाणी कमी प्याले तर पोट फुगते.

सासूबाईंच्या बाबतीत माझे उत्तर असे की, चियाने रक्तदाब किंचित उतरू शकतो आणि त्या आधीच गोळी घेत असल्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावी; रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर हे विचारणे अधिकच आवश्यक आहे. चिया सुरू केली म्हणून गोळी बंद करू नये. डॉक्टरांनी होकार दिला तरी पहिला आठवडा अर्ध्या चमच्याने करावा.

पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी वावराच्या मधल्या भागातील, न लोळलेल्या आणि मधला तुरा भरदार असलेल्या पन्नास-साठ झाडांना सुतळी बांधून ठेवावी आणि ती वेगळी कापावीत. चियाचे परागीभवन बहुतांशी आपल्याच फुलात होते, त्यामुळे घरचे बी चार-दोन वर्षे फारसे बिघडत नाही. पांढरी आणि काळी शेजारी पेरली तर मधमाश्या थोडी सरमिसळ करतात, एवढे लक्षात ठेवावे. हे बी सावलीत पूर्ण वाळवून कोरड्या काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून ठेवावे आणि पेरणीपूर्वी पुन्हा शंभर दाणे मोजून कापडावर टाकावेत.